डावीकडची पट्टी

कोड लिहिणाऱ्या माणसाच्या स्क्रीनवर डाव्या हाताला एक अरुंद पट्टी असते. तिच्यात फोल्डर, फोल्डरांच्या पोटात आणखी फोल्डर आणि सगळ्यात आत फायली. कोणी तिला एक्सप्लोरर म्हणतं, कोणी साइडबार, कॉलेजची मुलं ‘फोल्डर स्ट्रक्चर’ म्हणतात. ही पट्टी चांगली आहे म्हणून कोणी एखादा एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्रॅम, निवडत नाही. तरी दिवसभर काम करणाऱ्याच्या शेजारी गप्प बसून पाहिलं, तर त्याची नजर तिच्याकडे सारखी जाते. फाइल उघडण्याआधी, बंद केल्यावर, फोन ठेवून परत वळल्यावर, विचार अडकल्यावर.

मी या पट्टीवर काम करते. ब्राउझरमध्ये चालणारं, मुख्यतः विद्यार्थ्यांसाठीचं एक कोडिंगचं साधन आम्ही बांधतोय आणि त्यातला फाइल ब्राउझर माझ्याकडे आहे. ऐकणाऱ्याला हे काम एवढंसं वाटतं: यादी तर दाखवायची, त्यात काय? मला हे काम मनापासून आवडतं, कारण इथे माणूस आणि मशीन यांच्या दोन वेगळ्या समजुती एकाच ओळीत येऊन बसतात. मशीनला फाइलचा पत्ता माहीत असतो. माणसाला तिची जागा आठवते. दोन्ही जुळतातच असं नाही.

फाइल ब्राउझरमध्ये काय सुधारावं, असं कोणालाही विचारा. उत्तर बहुधा एकच येतं: सर्च चांगला करा. जुने, सरावलेले प्रोग्रॅमर तर ठासून सांगतात, ‘मी साइडबार वापरतच नाही, बंद ठेवतो. कंट्रोल पी दाबायचं, नावातली चार अक्षरं टाइप करायची, काम झालं.’ ते खरंच सांगत असतात. सब्लाइम टेक्स्ट या एडिटरने ही सवय लावली, व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरने ती घराघरांत नेली. पण त्याच माणसाच्या शेजारी अर्धा तास बसलं की दिसतं, मधेच त्याने कंट्रोल बी दाबून पट्टी उघडली, कशावरही क्लिक केलं नाही, दोन-तीन क्षण नुसती पाहिली आणि मिटली. पुढच्या अर्ध्या तासात पुन्हा तेच. नंतर विचारलं तर त्याला हे आठवतही नाही. आकडेवारीतही ते उमटत नाही. क्लिक मोजता येतात, बघणं मोजता येत नाही. वापराचे आकडे पाहून ‘या पट्टीवर फार कोणी क्लिक करत नाही’ असा निष्कर्ष काढणं किती सोपं आहे! आणि त्या निष्कर्षावर पट्टी लहान करणं, लपवणं त्याहून सोपं.

मग ती दोन-तीन क्षण काय पाहतात माणसं? हे कळायला त्यांना बोलतं करावं लागतं. काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं, ही युजर रिसर्चमधली जुनी पद्धत. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८०च्या सुमारास तिला मानसशास्त्रात पक्कं बसवलं, १९८२ मध्ये आयबीएममधल्या क्लेटन लुइसने ती संगणकाच्या पडद्यांसाठी वापरली. आपल्याकडे ती वापरताना एक गोष्ट फार उपयोगी पडते. माणसं समजावून सांगताना इंग्रजीमिश्रित, परीक्षेला बसल्यासारखं बोलतात; स्वतःशी पुटपुटताना मात्र मराठीत पुटपुटतात. आणि त्या पुटपुटण्यात ‘ती फाइल कुठं आहे?’ जेवढ्या वेळा येतं, त्याहून कितीतरी जास्त वेळा ‘कुठं होतो मी?’ येतं. ‘थांबा, मी काय करत होते?’ येतं. पट्टीकडे जाणारी ती नजर बहुतेकदा हे विचारायला गेलेली असते.

माझं सगळं म्हणणं यात आहे. फाइल ब्राउझर शोधायला लागतोच. पण त्याहून जास्त तो आपण कुठे उभे आहोत हे कळायला लागतो. हे एकदा मानलं की डिझाइनचे कितीतरी निर्णय वेगळ्या बाजूने घ्यावे लागतात.

शेजारी बसून पाहण्याची ही रीत मी ज्यांच्याकडून घेतली, त्यात पहिलं नाव लॅरी टेस्लर यांचं. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात, म्हणजे पार्कमध्ये, टेस्लर आणि टिम मॉट हे दोघे ‘जिप्सी’ नावाचा मजकूर-संपादक लिहीत होते. तो कोणासाठी, हे ठरलेलं होतं: झेरॉक्सच्याच मालकीची, मॅसॅच्युसेट्समधली ‘गिन’ ही पाठ्यपुस्तकांची प्रकाशन संस्था. तिथले संपादक कात्रीने कागद कापत आणि डिंकाने दुसरीकडे चिकटवत. टेस्लरनी कोड लिहायच्या आधी एक साधी गोष्ट केली. नुकतीच कामावर आलेली, संगणकाची सवय नसलेली एक सचिव त्यांनी कोऱ्या पडद्यासमोर बसवली, हातात दुरुस्त्यांच्या खुणा केलेला कागद दिला आणि सांगितलं, समजा हे पान या पडद्यावर आहे, तर तुम्ही काय कराल? पडद्यावर काहीही नव्हतं. तिने बोटाने जागा दाखवली आणि मग काय करायचं ते सांगितलं. आधी जागा, मग कृती. त्या काळचे संपादक-प्रोग्रॅम याच्या उलट चालत. आधी आज्ञा, मग जागा. आज आपण मजकूर निवडतो आणि मग कट, कॉपी, पेस्ट करतो, त्याची घडण या अभ्यासात झाली.

याच टेस्लरनी पुढे पार्कमध्येच स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी कोड चाळायचा ब्राउझर बनवला. त्याच्याविषयी मला विशेष ममत्व आहे. स्मॉलटॉकमध्ये प्रोग्रॅमरला फायली हाताळाव्या लागतच नाहीत. सगळा कोड एका जिवंत प्रतिमेत राहतो. म्हणून त्या ब्राउझरमध्ये झाड, म्हणजे फोल्डरांत फोल्डर अशी फांद्यांसारखी पसरत जाणारी यादी, नाही. वर शेजारी शेजारी चार याद्या: क्लासचे (कोडच्या मोठ्या घटकांचे) गट, त्या गटातले क्लास, त्या क्लासमधल्या मेथडचे (छोट्या कृतींचे) गट आणि मेथड. खाली कोड. डावीकडून उजवीकडे निवडत जायचं आणि कोणत्याही क्षणी, आपण कोणत्या गटातल्या कोणत्या क्लासच्या कोणत्या मेथडमध्ये आहोत, हे चारही याद्यांतल्या ठळक ओळींवरून एका नजरेत वाचता येतं. ‘कुठं होतो मी?’ याला इतकं स्वच्छ उत्तर देणारा ब्राउझर मी दुसरा पाहिलेला नाही.

आपल्या वाट्याला मात्र झाड आलं. त्याचं मूळ एमआयटी, बेल लॅब्स आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत जातं. १९६५ मध्ये रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी तिच्या फाइल सिस्टिमवर जो निबंध वाचला, त्यात फोल्डरच्या आत फोल्डर ही रचना मांडलेली आहे. एकाच मोठ्या मशीनवर अनेकांचं सामान ठेवायचं, ते एकमेकांत मिसळू द्यायचं नाही आणि कोणी काय पाहावं यावर ताबा ठेवायचा, हा त्यामागचा विचार. युनिक्स या पुढच्या ऑपरेटिंग सिस्टिमने तीच रचना सुटसुटीत करून घेतली, पत्त्यात मल्टिक्समधल्या मोठ्यापेक्षा या चिन्हाच्या जागी तिरकी रेघ आली आणि तिथून ती जगभर गेली. रचना उत्तम होती, म्हणूनच साठ वर्षं टिकली. पण ती सामान ठेवण्यासाठी आखलेली होती. कोड लिहिताना माणसाला डाव्या हाताला काय दिसावं, हा प्रश्न त्या निबंधापुढे नव्हताच. एडिटर आले तेव्हा डिस्कवर जे होतं तेच जसंच्या तसं पट्टीत काढलं गेलं.

याची किंमत किती, हे कार्नेगी मेलन विद्यापीठात एमी को, ब्रॅड मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १० जावा प्रोग्रॅमरना एक्लिप्स या एडिटरमध्ये ७० मिनिटं दुरुस्तीची कामं दिली होती आणि खऱ्या ऑफिससारखं वाटावं म्हणून मधूनमधून मुद्दाम व्यत्ययही आणले होते. त्यांचा सुमारे ३५ टक्के वेळ केवळ या फाइलमधून त्या फाइलमध्ये, या ओळीवरून त्या ओळीवर जाण्यायेण्यात गेला. त्यातलं बरंचसं जाणं हे आधी पाहिलेल्या जागी परत जाणं होतं. मला या अभ्यासातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती प्रोग्रॅमचा आकार. तो होता फक्त ५०० ओळींच्या आसपास, मोजक्या फायलींचा, चित्रं काढायचा एक छोटा प्रोग्रॅम. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आज ७० हजारांहून जास्त फायली आहेत.

‘मग सर्चच चांगला करा ना!’ हा आग्रह इथे पुन्हा होतो. पण ओफर बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोक आपापल्या संगणकावरच्या फायली कशा मिळवतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. सर्चची साधनं कितीही सुधारली तरी माणसं फोल्डरांतून चालत जाणंच पसंत करतात आणि सर्चकडे वळतात ते प्रामुख्याने जागा आठवेनाशी झाल्यावर, असं त्यांना २००८ मध्ये दिसलं. त्याच्याही आधी, १९९५ मध्ये, डेबोरा बारो आणि बॉनी नार्डी यांनी नोंदवलं होतं की माणसं फाइल अमुक जागी ठेवतात ती पुढे सापडावी म्हणून आणि ती दिसली की काम आठवावं म्हणूनही. आणि २०१५ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिलं, तर फोल्डरांतून वाट काढताना मेंदूचे जे मागचे भाग कामाला लागतात ते प्रत्यक्ष रस्त्यावर वाट काढताना लागणारेच निघाले. सर्च करताना मात्र भाषेशी संबंधित भाग कामाला लागले. मला हे वाचून फार आनंद झाला होता. कोड लिहिणाऱ्याचा भाषेचा मेंदू आधीच पूर्ण कामात असतो. नावं, अटी, कंस, चुकलेला अर्धविराम. फाइलपर्यंत पोचण्याचं काम पायांवर सोपवता आलं तर तेवढा भार हलका.

पाय वाट लक्षात ठेवतात याचं मोठं उदाहरण दादरला पाहायला मिळालं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या फलाटांना सलग क्रमांक दिले गेले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्य रेल्वेचा १ क्रमांकाचा फलाट ८ झाला आणि पुढचेही बदलत गेले. दोन्ही बाजूंना एकाच क्रमांकाचे फलाट असल्यामुळे नव्या प्रवाशाची जी तारांबळ व्हायची ती थांबावी, हा हेतू, आणि तो योग्यच होता. रोजच्या प्रवाशाला मात्र फारसा फरक पडला नाही, कारण पाटी बदलली तरी फलाट जागचा हलला नव्हता. फाइल ब्राउझर आखताना हा भेद मी सारखा समोर ठेवते. नाव बदलणं माणूस सोसतो, नवख्याला त्याची मदतही होते. जागा हलली की सरावलेला माणूसही नवखा होतो.

आता मोठ्या एडिटरांकडे बघा. टॅब बदलला की डावीकडच्या झाडाने आपोआप त्या फाइलपर्यंत सरकावं का? व्हीएस कोड म्हणतो, हो. मुळातच ते चालू असतं. इंटेलिजे म्हणतो, नको. हवं असेल त्याने चालू करावं. दोन अनुभवी चमू, एकच प्रश्न, दोन उलट उत्तरं. आणि शेजारी बसून पाहिलं तर दोघांचंही बरोबर आहे असं दिसतं, वेगवेगळ्या क्षणी. माणूस हरवला असेल तेव्हा झाड त्याच्यामागे आलं तर त्याला हायसं वाटतं. पण तो झाडातच काही न्याहाळत असेल, बोट एका फोल्डरवर ठेवून तुलनेसाठी दुसरी फाइल उघडली असेल, तर झाड उडी मारून भलतीकडे जातं आणि त्याच्या हातातलं सूत्र सुटतं. चेहऱ्यावर ते लगेच दिसतं. भुवया आकसतात, माउसचं चाक जोरात फिरतं. व्हीएस कोडमध्ये यावर एक मधला पर्याय आहे: फाइल झाडात ठळक करायची, पण झाड सरकवायचं नाही. मला तो सगळ्यात सभ्य वाटतो. आम्ही त्यात एवढीच भर घातली की ठळक झालेली ओळ नजरेच्या बाहेर असेल तर पट्टीच्या वरच्या किंवा खालच्या कडेला तिचं नाव दिसतं. त्यावर क्लिक केलं तरच झाड तिकडे जातं. बोलावल्याशिवाय हलायचं नाही.

दुसरं उदाहरण २०१९च्या अखेरचं. जावाच्या प्रोजेक्टमध्ये एकात एक असे फोल्डर येतात, ज्यांच्या पोटात दुसरा एकच फोल्डर असतो. कंपनीच्या वेब पत्त्याचे उलटे तुकडे, एकेका फोल्डरात एकेक. चार बाण दाबल्यावर कुठे फाइल दिसते. व्हीएस कोडने त्या नोव्हेंबरच्या आवृत्तीत असे एकुलते फोल्डर एका ओळीत जोडून दाखवायला सुरुवात केली आणि ते सगळ्यांसाठी चालू ठेवलं. कागदावर हा बदल निर्दोष आहे: ओळी वाचतात, क्लिक वाचतात. तरीही हे बंद कसं करायचं, असं लोक पुढची कितीतरी वर्षं विचारत राहिले. माझ्या मते कारण हे की त्या झाडात पायऱ्यांची उंची म्हणजे खोली होती. डोळ्याला सवय होती की इतकं उजवीकडे सरकलेलं म्हणजे इतकं आत. ती उंचीच मोडली. त्यात मधल्या फोल्डरमध्ये एखादी नवी फाइल टाकली की जोडलेली ओळ फुटून तिच्या दोन होतात, आणि खालचं सगळं हलतं. २०२२ मध्ये त्यांनी एका फाइलखाली तिच्याशी संबंधित फायली गुंडाळण्याची सोय आणली. ती मात्र मुळात बंद ठेवली. हा सावधपणा मला पटतो.

पसारा कमी करण्याचा सगळ्यात धाडसी प्रयत्न या सगळ्याच्या आधीचा आहे आणि त्याच्याबद्दल आज फार कमी बोललं जातं. मिक कर्स्टन हा पार्कमध्ये काम करणारा प्रोग्रॅमर. सततच्या क्लिकने त्याचे हात दुखावले. एकेक क्लिक जपून करायची वेळ आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपले बरेचसे क्लिक कोड लिहिण्यात जातच नाहीत, पुन्हा पुन्हा तीच माहिती हुडकण्यात जातात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गेल मर्फी यांच्याबरोबर त्याने एक्लिप्ससाठी जे साधन केलं ते आधी मायलार आणि पुढे मायलिन या नावाने ओळखलं गेलं. कल्पना सुंदर आहे. हातातलं काम कोणतं ते सांगायचं; मग तुम्ही ज्या फाइलला हात लावाल तिचं वजन वाढतं, बराच वेळ न लावल्यास ते ओसरतं आणि झाडात फक्त वजनदार गोष्टी उरतात. काम बदललं की झाडही बदलतं. जुन्या कामाकडे परत आलात की तुम्ही सोडलं होतं तसं. ‘कुठं होतो मी?’ या प्रश्नाला मशीनने स्वतःहून दिलेलं ते उत्तर होतं.

ते सगळीकडे का पसरलं नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माणसं कामाला सुरुवात करताना ‘आता मी हे काम सुरू करतोय’ असं जाहीर करत नाहीत, हे एक कारण मला दिसतं. काम आधी सुरू होतं आणि ते कोणतं होतं हे मागाहून कळतं. शिवाय जे लपतं त्याची धास्ती वाटते. म्हणून आम्ही मायलिनचं वजन घेतलं आणि लपवणं सोडलं. आमच्या झाडात नुकतीच हाताळलेली फाइल गडद अक्षरात असते, जुनी हळूहळू फिकट होत जाते, पण जागा कोणाचीच बदलत नाही. दुपारी जेवून परतलेल्या माणसाने पट्टीकडे पाहिलं की सकाळचं काम गडद दिसतं.

हे सगळं सरावलेल्यांचं झालं. विद्यार्थ्यांच्या शेजारी बसलं की गोष्ट फार मागून सुरू करावी लागते.

सांगलीकडच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही जातो. तिथली मुलं हुशार आहेत, कष्टाळू आहेत आणि फोनवर वाढलेली आहेत. फोनमध्ये फाइल कुठे असते? ती ज्या ॲपने आणली त्या ॲपमध्ये. फोटो गॅलरीत, पीडीएफ व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये. फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायची तर स्वतःलाच व्हॉट्सॲप करायची. लॅबच्या मशीनवर डाउनलोड्समध्ये एकाच प्रोग्रॅमच्या कंसातल्या १, २, ३ अशा प्रती साचलेल्या असतात आणि ‘प्रॅक्टिकल पाच फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं. शिक्षक याला कधी कधी आळस समजतात. मला तो आळस वाटत नाही. फोल्डर म्हणजे ‘जागा’ हा अनुभवच या मुलांना कोणी दिलेला नाही. वस्तू कुठेतरी असते आणि हाक मारली की येते, असं त्यांचं जग आहे.

आणि मग पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्यांना पहिला धक्का देते. एका फोल्डरमध्ये प्रोग्रॅम आणि शेजारीच डेटाची सीएसव्ही फाइल. प्रोग्रॅममध्ये ती फाइल नावाने उघडायला सांगितलेली. रन दाबलं की एरर: अशी फाइल नाही. मुलगी झाडाकडे बोट दाखवते, ‘मॅडम, ही काय, इथंच तर आहे!’ आणि तिचं खरं असतं. फाइल तिथेच आहे, स्पेलिंग बरोबर आहे. फक्त तिने एडिटरमध्ये बाहेरचा मोठा फोल्डर उघडला आहे, टर्मिनल, म्हणजे प्रोग्रॅम चालवायच्या आज्ञा घेणारी खिडकी, त्या बाहेरच्या फोल्डरमध्ये उभं आहे आणि पायथॉन नुसत्या नावाची फाइल शोधतं ते टर्मिनल जिथे उभं आहे तिथून, प्रोग्रॅमची फाइल जिथे आहे तिथून नव्हे. झाड फायलींची जागा दाखवतं. प्रोग्रॅम कुठे उभा आहे हे झाडात कुठेच दिसत नाही. त्या मुलीने ते ओळखावं तरी कसं?

मुलं यावर जे उपाय करतात ते पाहून जीव हळहळतो. सगळ्या फायली एकाच फोल्डरात ओततात. सी ड्राइव्हपासूनचा लांबलचक पत्ता कोडमध्ये डकवतात, जो दुसऱ्या मशीनवर चालत नाही. किंवा प्रोग्रॅम पुसून पुन्हा लिहितात, जणू चूक त्यातच होती. एखादा मुलगा या एररवर आख्खं प्रॅक्टिकल घालवतो आणि मनाशी धरतो की कोडिंग आपल्याला जमणारं नाही. हे थांबवता येतं, म्हणूनच मला ही पट्टी महत्त्वाची वाटते.

प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्याच फोल्डरमधून चालवा म्हणजे प्रश्नच मिटेल, असा एक सूर आमच्यातही होता. मी त्याला विरोध केला. ही मुलं उद्या नोकरीत जे मोठे प्रोजेक्ट पाहतील ते मुळाच्या फोल्डरमधून चालतात. तिथे हाच गोंधळ दुप्पट होऊन समोर येईल. लपवण्यापेक्षा दाखवावं. म्हणून पहिल्या कच्च्या आराखड्यात प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये उभा आहे त्याच्या नावाशेजारी आम्ही एक छोटी टाचणी काढली. मुलांनी ती पाहून सांगितलं, हे फोल्डर ‘पिन’ केलंय, व्हॉट्सॲपवर चॅट करतात तसं. चिन्ह गेलं, वाक्य आलं: ‘प्रोग्रॅम इथून चालतो’. वाक्याला जागा जास्त लागते, डिझाइन म्हणून ते देखणंही नाही, पण ते वाचून कोणी काय अर्थ म्हणून विचारलं नाही.

त्याहून उपयोगी ठरली ती दुसरी गोष्ट. फाइल सापडली नाही अशी एरर आली की पायथॉनने ती जिथे शोधली नेमक्या त्या फोल्डरमध्ये, झाडातच, त्या नावाची एक फिकट, तुटक रेघेची ओळ दिसते. म्हणजे रिकामी जागा. खाली आतल्या फोल्डरमध्ये खरी फाइल आणि वर तिच्याच नावाची ही पोकळ ओळ, दोन्ही एकाच वेळी समोर. लॅबमध्ये हे पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, ‘हितं बघितलं व्हय त्यानं!’ मग त्याने शेजारच्याला ते स्वतःच समजावून सांगितलं, टर्मिनल, फोल्डर, पत्ता, सगळं. मी एक शब्दही बोलले नाही.

जे ऐकून काम करतात त्यांच्यासाठी ही पट्टी कशी असावी, यावर स्वतंत्रच लिहायला हवं. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आपल्याकडचे अनेक दृष्टिहीन प्रोग्रॅमर वापरतात. तो झाडातली ओळ वाचताना नाव सांगतो, पातळी सांगतो, कितव्यापैकी कितवी ते सांगतो. उजवा बाण आत नेतो, डावा बाण मिटतो किंवा वरच्या फोल्डरकडे नेतो. डोळे असणारा जे एका नजरेत घेतो ते इथे एकामागून एक कानात येतं, त्यामुळे ‘कुठं होतो मी?’ याचं उत्तर आणखी नेमकं हवं. गडद-फिकट रंगांचा इथे काही उपयोग नाही. म्हणून ‘थोड्या वेळापूर्वी बदललेली’ असे शब्द आम्ही ओळीच्या शेवटी जोडले. सुरुवातीला नव्हे, कारण नाव आधी ऐकू आलं पाहिजे. ज्याला पुढे जायचं असतं तो पूर्ण ओळ ऐकत थांबत नाही.

एक छोटी गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मराठी शब्दसंग्रहावर काम करणाऱ्या एका मैत्रिणीने वर्णानुसार फायली केल्या होत्या. झाडात ळ ची फाइल ल च्या लगेच खाली, व च्या वर. युनिकोडमधल्या, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षराला जो क्रमांक देतो त्या यादीतल्या, अक्षरांच्या क्रमाने नुसतं लावलं की असंच होतं. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, त्यामुळे ती दरवेळी यादीच्या तळाशी जाऊन ती फाइल शोधायची. भाषेनुसार क्रम लावण्याची सोय संगणकात कधीपासून आहे; ती वापरायची एवढंच. आम्ही वापरली.

आता एक नवा प्रश्न समोर आहे आणि तो मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतो. एआय असिस्टंट आता स्वतः फायली बनवतात, बदलतात, पुसतात. मुलाने एक वाक्य लिहिलं की त्याने कधी न उघडलेल्या सहा-सात फायली बदलून जातात. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाची एम आणि यू ही अक्षरं झाडात दिसतात, पण ती ‘बदललं’ एवढंच सांगतात. कोणी बदललं, का बदललं, हे सांगत नाहीत. आजवर या पट्टीचा आधार असा होता की वाट माणसाने स्वतः चाललेली असायची. आता दुसरंच कोणी चालून गेलेलं असतं आणि ‘कुठं होतो मी?’ बरोबर ‘हे कुठं कुठं जाऊन आलं?’ हेही पुटपुटणं मला ऐकू येऊ लागलं आहे.

यासाठी झाडाचा क्रम बदलून बदललेल्या फायली वर आणाव्यात, अशी सूचना वारंवार येते. ती मी घेणार नाही. झाडाच्या खाली एक वेगळी यादी असेल, असिस्टंटने ज्या क्रमाने फायलींना हात लावला त्या क्रमाने, आणि प्रत्येक ओळीवर गेलं की वरच्या झाडात तिची जागा उजळेल. असिस्टंटने बदललेली फाइल माणसाने एकदा उघडून पाहिली की तिची खूण जाईल, न पाहिलेली राहील. पुढच्या सत्रात लॅबमध्ये हे घेऊन जायचं आहे. मुलं त्या खुणा पाहून फायली खरोखर वाचतात, की खुणा घालवण्यासाठी नुसत्या उघडून मिटतात, हे शेजारी बसूनच कळेल.